राष्ट्राध्यक्षांचे प्रकरण छापून येते कधी आणि अडते कुठे

ठाण्यात दर महिन्याला होणाऱ्या आमच्या वाचनबैठकीला नेरूळहून एक विद्यार्थिनी येतात. त्या वृत्तपत्रविद्येच्या दुसऱ्या वर्षाला आहेत. गेल्या बैठकीनंतर त्यांनी मला लेखी प्रश्न दिला. वॉटरगेट प्रकरणामुळे अमेरिकेच्या एका राष्ट्राध्यक्षांना पायउतार व्हावे लागले, हे आम्हाला पहिल्याच सत्रात शिकवले जाते. मग केनेडी यांच्या खासगी भानगडींविषयी त्यांच्या हयातीत काहीच का छापले गेले नाही, आणि फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष मितराँ यांनी मुलगी आणि आजार या दोन्ही गोष्टी वर्षानुवर्षे कशा लपवल्या? माध्यमांना वरून आदेश येतात का, आणि येत असतील तर सामान्य वाचकाने ते त्या वेळीच कसे ओळखावे? प्रश्न महत्त्वाचा आहे आणि बैठकीतल्या पाच मिनिटांत उरकण्यासारखा नाही, म्हणून हे सविस्तर उत्तर लिहीत आहे.

मी एकतीस वर्षे एका मराठी दैनिकात काम केले. आधी परदेशी बातम्यांच्या टेबलावर उपसंपादक होतो, नंतर वृत्तसंपादक झालो. त्यामुळे माझे उत्तर सिद्धान्तापेक्षा टेबलावरच्या अनुभवातून आलेले आहे. आदेश येतात का, या प्रश्नापुरते सांगायचे तर येतात, पण तुम्हाला वाटते त्यापेक्षा फार कमी वेळा. बातमी अडते ती बहुतेक वेळा कोणी न अडवता अडते, आणि म्हणूनच ती ओळखणे कठीण जाते.

वॉटरगेटची जी गोष्ट वर्गात सांगितली जाते ती खोटी नाही; मात्र ती शेवट माहीत असलेल्यांनी सांगितलेली असते. १७ जून १९७२ रोजी पहाटे वॉशिंग्टनच्या वॉटरगेट संकुलातील डेमोक्रॅटिक पक्षाच्या कार्यालयात शिरलेल्या पाच जणांना पोलिसांनी पकडले. दुसऱ्या दिवशी ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये आलेली बातमी आल्फ्रेड लुईस यांच्या नावाने होती, आणि लुईस हे वर्षानुवर्षे पोलिसांच्या बातम्या देणारे बातमीदार होते. पुढे ज्यांची नावे जगभर झाली ते बॉब वुडवर्ड आणि कार्ल बर्नस्टीन हेही शहर विभागातलेच. राष्ट्राध्यक्षांच्या दौऱ्यांत विमानाने सोबत फिरणाऱ्या आणि त्यांच्या अधिकाऱ्यांशी रोज बोलणाऱ्या राजकीय वार्ताहरांना ही घरफोडीची बातमी वाटली. राष्ट्राध्यक्षांच्या प्रसिद्धी सचिवांनीही तिची संभावना ‘तिसऱ्या दर्जाच्या घरफोडीचा प्रयत्न’ अशी केली होती. वुडवर्ड मात्र आरोपींना हजर केले त्या वेळी न्यायालयात जाऊन बसले होते, आणि मॅककॉर्ड नावाच्या आरोपीने आपण पूर्वी सीआयएत नोकरीला होतो असे न्यायाधीशांना खालच्या आवाजात सांगितलेले त्यांनी ऐकले. ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात जामिनाच्या सुनावणीला जाऊन बसण्याचा कंटाळा करणाऱ्या नव्या बातमीदारांना मी हे उदाहरण अनेकदा सांगितले आहे. सत्तेच्या सर्वांत जवळ असलेल्या वार्ताहराला सत्तेची बातमी सर्वांत उशिरा दिसते, हे मी आमच्या महानगरपालिकेच्या वार्तांकनातही पाहिले आहे. त्याला रोज त्याच माणसांकडून माहिती घ्यायची असते, आणि एका बातमीसाठी पुढच्या शंभर बातम्यांचा दरवाजा बंद करून घेणे त्याला परवडत नाही.

त्या वर्षीच्या ७ नोव्हेंबरला निवडणूक झाली आणि तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन पन्नासपैकी एकोणपन्नास राज्यांत विजयी झाले. म्हणजे घरफोडी, तिच्यामागच्या पैशाचा माग आणि निक्सन यांच्याच प्रचार समितीतील माणसांची नावे छापून आल्यानंतर मतदारांनी त्यांना भरभरून मते दिली. त्या पावसाळ्यानंतरच्या महिन्यांत ‘पोस्ट’ जवळजवळ एकटे होते. ऑक्टोबरच्या अखेरीस सीबीएस वाहिनीवर वृत्तनिवेदक वॉल्टर क्रॉन्काइट यांनी या प्रकरणावर दोन भागांत सविस्तर वृत्तांत देण्याचे ठरवले. पहिला भाग प्रसारित झाल्यावर व्हाइट हाउसमधून वाहिनीच्या प्रमुखांना फोन गेला आणि दुसरा भाग कापून लहान करण्यात आला. त्याच आठवड्यात ‘पोस्ट’च्याही हातून चूक झाली. राष्ट्राध्यक्षांचे निकटचे सहकारी हाल्डमन यांचे नाव एका साक्षीदाराने ग्रँड ज्युरीपुढे, म्हणजे खटला भरावा का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळापुढे, घेतले, असे त्यांनी २५ ऑक्टोबरला छापले. साक्षीदाराने तसे सांगितलेले नव्हते, कारण त्याला तो प्रश्नच विचारला गेला नव्हता. बातमीचा गाभा बरोबर होता, एक तपशील चुकला होता, आणि त्या एका तपशिलावर बोट ठेवून सरकारी प्रवक्त्यांनी तोपर्यंतचे सगळे काम खोटे ठरवण्याचा प्रयत्न केला. ज्यांनी ती बातमी घेतली नव्हती त्या संपादकांना, आपण घेतली नाही ते बरेच झाले, असे त्या दिवशी वाटले असणार. मी त्या जागी असतो तर मलाही वाटले असते, म्हणून हे लिहिताना मी कोणालाही कमी लेखत नाही.

चित्र पालटले ते १९७३ मध्ये. मॅककॉर्डने खटला चालवणारे न्यायाधीश जॉन सिरिका यांना लिहिलेले पत्र मार्चमध्ये भर न्यायालयात वाचले गेले. १७ मेपासून सेनेटच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरिष्ठ सभागृहाच्या, समितीची सुनावणी दूरचित्रवाणीवर दिसू लागली. १६ जुलैला राष्ट्राध्यक्षांचे माजी सहायक अलेक्झांडर बटरफिल्ड यांनी राष्ट्राध्यक्षांच्या दालनातील संभाषणे ध्वनिमुद्रित होतात हे सांगून टाकले. पुढच्या वर्षी, २४ जुलै १९७४ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने त्या फिती हवाली करण्याचा आदेश एकमताने दिला आणि ८ ऑगस्टला निक्सन यांनी राजीनामा जाहीर केला. वृत्तपत्राने प्रकरण विझू दिले नाही, हे त्याचे मोठे काम. पण ते देशाच्या प्रत्येक घरात पोहोचले ते न्यायालयाने आणि सेनेटने हातात घेतल्यावर.

याच प्रकरणातली दुसरी एक हकीकत मला अधिक शिकवून गेली. १९७२ च्या ऑगस्टमध्ये एफबीआयचे तेव्हाचे प्रभारी प्रमुख पॅट्रिक ग्रे यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या एका बातमीदाराला जेवताना या प्रकरणाचे धागे वरपर्यंत जातात याची कल्पना दिली. बातमीदार धावत कार्यालयात आला आणि त्याने आपल्या संपादकाला सगळे सांगितले. संपादकाने टिपणे घेतली. दुसऱ्याच दिवशी तो बातमीदार कायद्याच्या शिक्षणासाठी नोकरी सोडून गेला, संपादक दुसऱ्या कामांत आणि मग रजेत अडकला, आणि त्या टिपणांचे पुढे काही झाले नाही. ही गोष्ट २००९ मध्ये बाहेर आली. यात कोणी दडपले नाही, कोणी घाबरले नाही, कोणी विकले गेले नाही. तरीही बातमी आली नाही. माध्यमांच्या मौनामागे प्रत्येक वेळी कारस्थान शोधणाऱ्यांनी या दोन सज्जन माणसांची आठवण ठेवावी असे मला वाटते.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. बातमीला टांगायला खुंटी लागते, असे आमचे जुने वृत्तसंपादक म्हणत. एखाद्या माणसाने आरोप केला, एवढ्यावर बातमी पान एकवर जात नाही. न्यायालयात अर्ज झाला, सभागृहात प्रश्न आला, चौकशी समिती बसली, गुन्हा नोंदला गेला, की तीच माहिती निर्धोक होते. यामागे सवय आहे तसाच कायदाही आहे, आणि आपल्याकडे त्या कायद्याचा इतिहास मोठा बोलका आहे. संसदेत जे बोलले गेले त्याचा प्रामाणिक वृत्तांत छापल्याबद्दल वृत्तपत्रावर खटला चालू नये, यासाठी खासदार फिरोज गांधी यांनी खासगी विधेयक मांडले आणि १९५६ मध्ये त्याचा कायदा झाला. आणीबाणीत, १९७६ मध्ये, तो रद्द करण्यात आला. १९७७ मध्ये सरकार बदलल्यावर परत आणला गेला. आणि पुढे चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३६१ क म्हणून राज्यघटनेतच बसवला गेला. त्याच्या अगोदरचा अनुच्छेद ३६१ राष्ट्रपतींना आणि राज्यपालांना पदावर असेपर्यंत फौजदारी कारवाईपासून संरक्षण देतो. ही दोन कलमे शेजारी शेजारी वाचा. एक सर्वोच्च पदाला कवच देते, दुसरे त्या पदाविषयी सभागृहात झालेली चर्चा लोकांपर्यंत नेणाऱ्याला. अमेरिकेत १९६४ च्या सुलिव्हन खटल्यापासून सार्वजनिक अधिकाऱ्याला बदनामीचा दावा जिंकायचा असेल तर मजकूर खोटा होता आणि तो खोटा असल्याचे ठाऊक असून किंवा खऱ्याखोट्याची बेपर्वाई करून छापला, हे सिद्ध करावे लागते. आपल्याकडे बदनामी हा आजही फौजदारी गुन्हा आहे. संपादक रात्री साडेदहा वाजता पान सोडताना हा फरक लक्षात ठेवूनच निर्णय घेतो.

खुंटी नसलेल्या बातमीचे काय होते, याचे सर्वांत वेदनादायक उदाहरण १८९३ चे आहे. आपले ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले त्याच वर्षी, १ जुलैला, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलँड यांच्या जबड्यातील गाठ एका खासगी नौकेवर गुपचूप शस्त्रक्रिया करून काढण्यात आली. देश आर्थिक संकटात होता आणि राष्ट्राध्यक्षांना कर्करोग आहे असे कळले तर बाजार कोसळेल अशी भीती होती. ई. जे. एडवर्ड्स या बातमीदाराला भूल देणाऱ्या दंतवैद्याकडून माहिती मिळाली. त्यांनी तपशील पडताळला आणि ऑगस्टच्या अखेरीस ‘फिलाडेल्फिया प्रेस’मध्ये बातमी दिली. राष्ट्राध्यक्षांच्या माणसांनी ती साफ नाकारली, दात दुखत होता एवढेच सांगितले, आणि दुसऱ्या वृत्तपत्रांनी एडवर्ड्स यांनाच खोटारडे ठरवले. शस्त्रक्रियेत सहभागी असलेले डॉ. कीन यांनी १९१७ मध्ये सगळी हकीकत प्रसिद्ध केली, तोपर्यंत क्लीव्हलँड यांच्या मृत्यूलाही नऊ वर्षे झाली होती. एका खऱ्या बातमीसाठी एडवर्ड्स यांनी चोवीस वर्षे खोटेपणाचा डाग वागवला. त्यांच्याजवळ साक्षीदार होता, पण ना न्यायालय होते, ना सभागृह, ना दुसरे कोणी वृत्तपत्र. प्रतिस्पर्धी वृत्तपत्रे बातमी तपासण्याऐवजी ती देणाऱ्याला तपासतात तेव्हा सत्ताधाऱ्याला वेगळे काही करावेच लागत नाही.

केनेडी आणि मितराँ यांच्या बाबतीत कारण वेगळे होते, आणि दोघांचे एकमेकांपासूनही वेगळे होते. फ्रँकलिन रूझवेल्ट यांना पोलिओमुळे चालता येत नसे आणि चाकांच्या खुर्चीतील त्यांचे छायाचित्र काढायचे नाही, हा अलिखित नियम छायाचित्रकारांनी पाळला. केनेडींच्या काळी तोच नियम शयनगृहापर्यंत गेला होता: पुरुष वार्ताहर, पुरुष संपादक, आणि पुरुषाच्या अशा गोष्टी खासगी असतात ही सर्वांची समजूत. ती समजूत फसवी होती, हे १९७५ मध्ये कळले. सेनेटची एक समिती गुप्तहेर यंत्रणेच्या कारवायांची चौकशी करत असताना असे दिसले की, केनेडींची एक मैत्रीण त्याच काळात शिकागोच्या माफिया टोळीचा प्रमुख सॅम जियांकाना याच्याही संबंधात होती, आणि त्याच जियांकानाचा उपयोग सीआयएने फिडेल कॅस्ट्रो यांच्या हत्येच्या कटात करून घेतला होता. ज्या क्षणी राष्ट्राध्यक्षाचे खासगी नाते गुन्हेगारी टोळीशी आणि सरकारी कटाशी जोडले जाते त्या क्षणी ते खासगी राहत नाही. परंतु मुळात ते नाते पाहायचेच नाही असे ठरवल्यावर पुढचे जाळे दिसणार कसे?

मितराँ यांच्या प्रकरणात हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. फ्रान्समध्ये खासगी आयुष्याचा अधिकार १९७० पासून दिवाणी संहितेत लिहिलेला आहे आणि तेथील वाचकालाही नेत्याच्या घरात डोकावणे अशिष्ट वाटते. ही मर्यादा मला आदरणीय वाटते. पण मितराँ १९८१ मध्ये निवडून आले, त्याच वर्षी त्यांना कर्करोगाचे निदान झाले, आणि आपल्या प्रकृतीविषयी नियमित वैद्यकीय निवेदन काढण्याचे त्यांनी स्वतः देशाला दिलेले आश्वासन पुढे खोट्या निवेदनांनी पाळले गेले. आजार जाहीर झाला १९९२ मध्ये. विवाहबाह्य संबंधांतून झालेली मुलगी सरकारी खर्चाच्या निवासस्थानात, सरकारी संरक्षणात वाढली, आणि नोव्हेंबर १९९४ मध्ये एका साप्ताहिकाने छायाचित्र छापेपर्यंत अनेक पत्रकारांना ठाऊक असलेली ही गोष्ट वाचकांना ठाऊक नव्हती. एवढ्यावर भागले असते तर मी ते चांगुलपणाच्या खाती जमा केले असते. पण राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयातील एका गटाने ऐंशीच्या दशकात पत्रकार, वकील आणि लेखक यांचे फोन बेकायदा ऐकले होते, आणि हे गुपित फुटू नये हा त्यामागचा एक हेतू होता. त्या प्रकरणात न्यायालयाने २००५ मध्ये अनेकांना दोषी ठरवले. तुम्ही विचाराल की रेषा कुठे आखायची. मी माझ्या टेबलावर ती अशी आखत असे: गोष्ट लपवण्यासाठी सरकारी पैसा, सरकारी माणूस किंवा सरकारी कागद वापरला गेला का? वापरला गेला असेल तर बातमी द्यायची, आणि नात्याविषयी दोन वाक्ये लिहून बाकीची सगळी जागा त्या पैशाला आणि कागदाला द्यायची.

बिल क्लिंटन यांच्या वेळी मी प्रत्यक्ष टेबलावर होतो. जानेवारी १९९८ मध्ये क्लिंटन यांच्या व्हाइट हाउसमधील एका तरुण प्रशिक्षणार्थीशी असलेल्या संबंधांविषयीची आपल्याच बातमीदाराची बातमी ‘न्यूजवीक’ने आणखी पडताळणीसाठी रोखली, आणि बातमी रोखली गेल्याची बातमी मॅट ड्रज यांच्या संकेतस्थळावर १७ जानेवारीच्या रात्री आली. चारच दिवसांत ती मोठ्या दैनिकांत होती. अडवणाऱ्या संपादकाच्या हातून दार निसटले ते तेव्हा. मला मात्र त्यातली भाषेची बाजू जास्त सांगायची आहे, कारण ती आपल्या मराठी टेबलाशी जोडलेली आहे. २१ जानेवारीच्या मुलाखतीत क्लिंटन यांनी वर्तमानकाळ वापरला: असे संबंध ‘नाहीत’. अमेरिकी वार्ताहरांनी लगेच टिपले की ‘नव्हते’ असे ते म्हणाले नाहीत. वृत्तसंस्थेचा मजकूर आमच्याकडे रात्री उशिरा आला आणि घाईत आमच्या पानावर ‘संबंध नव्हते’ असे छापले गेले. पाच दिवसांनी त्यांनी भूतकाळातही ठाम इन्कार केला आणि १७ ऑगस्टला कबुली दिली, त्यामुळे आमची चूक कोणाच्या लक्षात आली नाही. माझ्या लक्षात राहिली. ज्या एका शब्दात बातमी होती तो शब्द आम्ही वाचकाला दिलाच नव्हता. तेव्हापासून इन्काराचे वाक्य मी स्वतः मूळ मजकुराशी ताडून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ दिले नाही. मराठीत परदेशी प्रकरणे फिकी होऊन येतात, त्याचे मोठे कारण हेच आहे. आपला माणूस तिथे नसतो, चारशे ओळींच्या चाळीस कराव्या लागतात, आणि त्या चाळीस ओळींत आरोप उरतो, इन्कार उरतो, पुरावा गळून जातो.

पैसे देऊन आणलेले मौनही असते आणि ते कमी लेखू नये. पेरूमध्ये अल्बेर्तो फुजिमोरी राष्ट्राध्यक्ष असताना त्यांचे गुप्तहेर सल्लागार व्लादिमिरो मोंतेसिनोस लाच देत आणि देतानाचे चित्रीकरणही करून ठेवत. त्यांच्या नोंदी पुढे उघड झाल्या आणि स्टॅनफर्डच्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी त्यांचा हिशेब मांडला: दूरचित्रवाणी वाहिनीच्या मालकाला दिलेली लाच राजकारण्याला दिलेल्या लाचेच्या सुमारे शंभर पट होती, आणि न्यायाधीशाला राजकारण्याहूनही थोडी कमी मिळत असे. वाहिन्या विकत घेतलेल्या असताना केबलवरची एक छोटी वाहिनी मात्र राहून गेली होती, आणि एका लोकप्रतिनिधीला पैसे देतानाची फीत सप्टेंबर २००० मध्ये तिच्यावर दिसली. नोव्हेंबरमध्ये फुजिमोरी यांनी जपानमधून राजीनामा पाठवला. लाचेचा हा दर मी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगतो, कारण सत्तेला सर्वांत जास्त धास्ती कोणाची वाटते ते त्यातून आकड्यांत दिसते. अमेरिकेत याचीच निराळी तऱ्हा २०१६ मध्ये झाली. एका साप्ताहिकाच्या मालक कंपनीने डोनाल्ड ट्रम्प यांच्याशी संबंध असल्याचे सांगणाऱ्या एका महिलेची हकीकत दीड लाख डॉलरला विकत घेतली आणि छापली नाही. बातमी विकत घेऊन पुरून टाकण्याचा हा व्यवहार ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने मतदानाच्या चार दिवस आधी छापला होता. तेव्हा त्याकडे फारसे कोणी वळून पाहिले नाही. दुसऱ्या एका महिलेने गप्प राहावे म्हणून दिलेल्या १,३०,००० डॉलरच्या खोट्या नोंदींवरून मे २०२४ मध्ये ज्युरीने ट्रम्प यांना चौतीस आरोपांत दोषी ठरवले तेव्हा सगळी माध्यमे तिथे हजर होती.

आणि आपल्याला आवडत्या बाजूचे मौन आपल्याला दिसत नाही, हेही मला तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. १४ ऑक्टोबर २०२० रोजी ‘न्यूयॉर्क पोस्ट’ने तेव्हाचे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार जो बायडन यांच्या मुलाच्या लॅपटॉपमधील ईमेल छापले. ट्विटरने त्या बातमीचे दुवे रोखले आणि पुढे तो निर्णय चुकल्याचे मान्य केले. बऱ्याच मोठ्या वृत्तसंस्थांनी हा परकीय शक्तींचा डाव असावा या शक्यतेवरच भर दिला. मार्च २०२२ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ आणि ‘वॉशिंग्टन पोस्ट’ यांनी त्यांतील काही ईमेल खरे असल्याला दुजोरा दिला. स्वतः जो बायडन यांनी गैरप्रकार केल्याचे त्या ईमेलमधून सिद्ध झाले नाही, पण माझ्या मते प्रश्न तो नाहीच. निवडणुकीच्या तोंडावर पडताळणी अवघड होती हे खरे. ‘अजून पडताळलेले नाही’ आणि ‘खोटे आहे’ ही मात्र दोन वेगळी वाक्ये आहेत, आणि त्या पंधरा दिवसांत अनेक अनुभवी संपादकांनी ती एक केली. प्रकरण पेट घेते की विझते याचा अभ्यास करणारे राज्यशास्त्रज्ञ ब्रेंडन नायहन यांचा निष्कर्ष इथे उपयोगी आहे: विरोधी पक्षाच्या मतदारांत राष्ट्राध्यक्षांविषयी नाराजी जास्त असते तेव्हा प्रकरणे उभी राहतात, आणि दुसऱ्या मोठ्या बातम्यांची गर्दी असते तेव्हा तीच प्रकरणे उभी राहत नाहीत. म्हणजे गैरव्यवहार किती मोठा आहे याखेरीज त्या आठवड्यात पानावर जागा किती आहे, यावरही बरेच ठरते. पाने लावण्याचे काम केलेल्या कोणालाही हे पटेल.

भारताच्या राष्ट्रपतींविषयी तुम्ही विचारलेले नाही, पण वाचकांच्या मनात तो प्रश्न येईल. आपले राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात, त्यामुळे मोठे गैरव्यवहार त्या भवनापर्यंत क्वचित पोहोचतात. तरी १९७५ च्या डिसेंबरमध्ये, सेन्सॉर असताना, अबू अब्राहम यांचे व्यंगचित्र ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये छापून आले, ज्यात राष्ट्रपती स्नानाच्या टबातूनच वटहुकमांवर सही करत आहेत; बातमीला बंदी असताना चित्राने ते काम केले. आणि २०१२ मध्ये राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या परदेश दौऱ्यांचा २०५ कोटी रुपयांचा खर्च माहिती अधिकारातून बाहेर आला, तसेच पुण्यातील लष्करी जमिनीवर होणाऱ्या त्यांच्या निवृत्तीनंतरच्या निवासस्थानाविषयी आक्षेप घेतले गेले आणि त्यांनी त्या घराचा प्रस्ताव सोडला. महाराष्ट्राच्या कन्येला मिळालेल्या सर्वोच्च पदाचा आपल्या सर्वांना अभिमान होता, आणि त्या अभिमानापोटी मराठी टेबलांवर ही बातमी घेताना हात थोडा आखडला, हे मी जवळून पाहिले. तसा कोणाचा आदेश नव्हता.

आदेशाशिवाय बातमी कशी अडते, याचा माझा स्वतःचा अनुभव घोडबंदर रस्त्यावरचा आहे. एका गृहप्रकल्पाच्या परवान्यांतील विसंगतीची बातमी आमच्या तरुण बातमीदाराने कागदांसह आणली. ती पान एकसाठी लावली होती. त्या दिवशी जाहिरात विभागातून कोणी काही म्हणाले नाही, मालकांचा फोन आला नाही. फक्त ‘आणखी एक दुजोरा मिळू दे’ असे एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, जे योग्यच होते. दुसऱ्या दिवशी ‘बिल्डरची बाजू सविस्तर हवी’ असे ठरले, तेही योग्य होते. तिसऱ्या दिवशी पावसाने रेल्वे बंद पडली. आठवड्याने ती आतल्या पानावर एका स्तंभात आली, शीर्षकात प्रकल्पाचे नाव नव्हते, आणि त्या दिवशीच्या पुरवणीच्या शेवटच्या पानावर त्याच प्रकल्पाची पूर्ण पान जाहिरात होती. मी वृत्तसंपादक होतो. प्रत्येक पायरीवर माझी संमती होती. राष्ट्राध्यक्षांच्या बातम्याही अशाच योग्य दिसणाऱ्या पायऱ्यांनी खाली उतरतात, फक्त इमारत मोठी असते.

त्या वेळीच हे कसे ओळखावे, या शेवटच्या प्रश्नाला माझ्याजवळ एकच सवय सांगण्यासारखी आहे. बातमी आली की नाही यापेक्षा तिचा पाठपुरावा कोणी केला आणि कोणत्या आधाराने केला हे पाहा. फिलिपाइन्समध्ये राष्ट्राध्यक्ष जोसेफ एस्ट्राडा यांच्याविरुद्ध लिहिणे २००० मध्ये सोपे नव्हते; आदल्याच वर्षी त्यांनी एका दैनिकावर बदनामीचा दावा लावला होता. शोधपत्रकारितेचे काम करणाऱ्या तेथील एका लहान केंद्राने कुजबुजीकडे न जाता मालमत्तेची जाहीर विवरणपत्रे, कंपन्यांच्या नोंदी आणि घरांची कागदपत्रे घेतली, आणि पगार इतका असताना हे महाल आले कुठून एवढाच प्रश्न विचारला. सुरुवातीला बड्या वृत्तपत्रांनी थंड प्रतिसाद दिला. ऑक्टोबरमध्ये एका प्रांताच्या गव्हर्नरने जुगाराच्या हप्त्यांची कबुली दिल्यावर आधीच तयार असलेली ती कागदपत्रे महाभियोगाच्या कामी आली, आणि २० जानेवारी २००१ रोजी एस्ट्राडा यांना राजवाडा सोडावा लागला. दक्षिण कोरियात पार्क गून-हे यांच्याबाबत असेच झाले: २०१६ च्या उन्हाळ्यात एका वाहिनीने एका संशयास्पद प्रतिष्ठानाची बातमी दिली, सप्टेंबरात एका दैनिकाने त्यामागे राष्ट्राध्यक्षांची मैत्रीण असल्याचे लिहिले, २४ ऑक्टोबरला तिसऱ्याच वाहिनीने त्या मैत्रिणीच्या टॅब्लेटमधील भाषणांचे मसुदे दाखवले, आणि १० मार्च २०१७ रोजी घटनात्मक न्यायालयाने पार्क यांना पदावरून दूर केले. तिन्ही माध्यमांचे राजकीय कल सारखे नव्हते. वेगळ्या कलाची माध्यमे एकमेकांची बातमी नाकारण्याऐवजी पुढे नेऊ लागली, हे प्रकरण खरे असल्याचे फार मोठे लक्षण असते.

म्हणून तुमच्यासाठी एक काम सुचवतो. सध्या चालू असलेले कोणत्याही देशाच्या राष्ट्राध्यक्षांचे एक प्रकरण निवडा. एक मराठी दैनिक, एक इंग्रजी दैनिक आणि त्या देशातील परस्परविरोधी कलाची दोन वृत्तपत्रे घ्या. तीन महिने रोज लिहून ठेवा: बातमी कोणत्या पानावर, किती स्तंभांत, कोणत्या विभागाच्या बातमीदाराची, आधार व्यक्तीचा की कागदाचा, आणि इन्कार आला असेल तर नेमके काय नाकारले. त्यांपैकी एकात बातमी थांबली तर त्या दिवशी पान एकवर दुसरे काय होते तेही लिहा. वही भरली की बैठकीला घेऊन या. आपण न्यायालयाच्या आणि सभागृहाच्या तारखा शेजारी मांडू आणि त्या तारखांच्या आधी कोण लिहीत होते ते शोधू.